संगणकास मोडेम का दिसत नाही?

शाळाभेटीच्या वेळी जडवस्तू संग्रह नोंदवही चाळताना ‘मोडेम – नादुरुस्त’ अशी नोंद अनेकदा दृष्टीस पडते. ती कोणत्या आधारावर केली, असे विचारल्यास ‘संगणक त्यास ओळखत नाही’ एवढेच उत्तर मिळते. परंतु न ओळखले जाणे आणि नादुरुस्त असणे या दोन भिन्न गोष्टी होत. वर्गात एखादे मूल उत्तर देत नाही, तेव्हा त्यास प्रश्न ऐकू आला नाही, समजला नाही, की उत्तरच येत नाही, हे चांगला शिक्षक आधी पाहतो. मोडेमच्या बाबतीतही हीच रीत ठेवावी.

दूरध्वनीची तार मनुष्याच्या आवाजासाठी, म्हणजे सेकंदास सुमारे ३०० ते ३४०० कंपनांसाठी योजलेली असते. संगणकाची आकडेरूप भाषा या कंपनांत बदलणे आणि आलेली कंपने पुन्हा आकड्यांत उतरविणे, हे मोडेमचे कार्य होय. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा घराघरांत हाच मार्ग होता. आज तो जवळजवळ मागे पडला आहे; तथापि दोष शोधण्याची त्याची पद्धत नव्या साधनांनाही लागू पडते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभ केलेली लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यावर मोडेम न चालण्याचे मुख्य कारण मोडेमच्या घडणीत आहे. काही मोडेम आपले सर्व काम स्वतःच करतात. परंतु १९९० नंतरच्या दशकात खर्च वाचविण्यासाठी उत्पादकांनी अनेक कार्डांतील भाग कमी केले व ते काम संगणकातील आज्ञावलीवर सोपविले. ही आज्ञावली बहुधा विंडोज प्रणालीपुरतीच दिली जाई. म्हणून अशा कार्डांस ‘विनमोडेम’ हे नाव पडले. असे कार्ड लिनक्समध्ये मुके बसते. ते बिघडलेले असतेच असे नाही.

तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. जोडणी : संगणक बंद करून विजेची तार काढावी. आतील कार्ड खाचेतून काढून धूळ पुसावी व पुन्हा घट्ट बसवावे. बाहेरील मोडेमचा दिवा लागतो की नाही, हे पाहावे.

२. यादी : आज्ञापटलावर रोमन लहान अक्षरांत ‘एलएसपीसीआय’ अशी आज्ञा द्यावी. आतील कार्ड या यादीत नसल्यास खाच बदलून पाहावी. तरीही न आल्यास मात्र कार्डाविषयी शंका घ्यावी. यादीत नाव असून काम होत नसल्यास ते बहुधा विनमोडेम समजावे. अशा काही कार्डांसाठी लिनक्सच्या आज्ञावल्या झाल्या होत्या. परंतु त्या जुन्या आवृत्त्यांसाठी असल्याने नव्या प्रणालीवर सहसा चालत नाहीत. तेथे वेळ न दवडता बाहेरील मोडेम वापरणे श्रेयस्कर.

३. संवाद : मागील नऊ टाचण्यांच्या जोडणीवर लावलेल्या बाहेरील मोडेमचे नाव यादीत येत नाही, तेथे त्यास हाकच मारावी लागते. ‘मिनिकॉम’ या आज्ञावलीतून पहिले द्वार, म्हणजे ‘टीटीवायएस शून्य’, निवडून ‘एटी’ ही दोन अक्षरे पाठवावीत. हेझ कंपनीच्या १९८१ सालच्या स्मार्टमोडेमपासून ही आज्ञापद्धती रूढ झाली. ‘ओके’ असे उत्तर आल्यास मोडेम जिवंत आहे. न आल्यास दुसरे द्वार व दुसरी तार वापरून पाहावी.

४. परवानगी : द्वार उघडत नसल्यास वापरकर्त्याचे नाव ‘डायलआउट’ गटात आहे काय, ते पाहावे. डेबियनवर आधारलेल्या प्रणालींत, उदाहरणार्थ सी-डॅकच्या ‘बॉस’मध्ये, ही अडचण येऊ शकते.

५. दूरध्वनी : ‘डायलटोन नाही’ असा संदेश आल्यास मोडेम ओळखला गेला आहे, दोष तारेत असू शकतो. त्याच तारेवर साधा दूरध्वनी लावून आवाज ऐकावा. आवाज येत असूनही संदेश तोच असल्यास ‘एटीएक्स३’ ही आज्ञा द्यावी. म्हणजे मोडेम त्या आवाजासाठी थांबत नाही.

भ्रमणध्वनीच्या जाळ्यावर चालणाऱ्या यूएसबी मोडेमचीही अशीच गत होते. त्यांतील पुष्कळ साधने प्रथम आपल्या पोटातील विंडोजची आज्ञावली पुढे करतात. म्हणून संगणकास ती मोडेम न भासता तबकडी भासतात. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने साधन यादीत दिसल्यास ‘यूएसबी-मोडस्विच’ ही आज्ञावली बसवावी. ती त्याचे रूप पालटते आणि मोडेमचे द्वार उघडते.

आपल्या नागपूर जिल्ह्यात पावसाळ्यात विजा कडाडतात. तारेतून आलेल्या धक्क्याने मोडेम खरोखरच जळतो. म्हणून आभाळ भरून येताच वीज व दूरध्वनी या दोन्ही तारा काढून ठेवाव्यात.

शिक्षक बंधुभगिनींनी यापुढे निर्लेखनाचा प्रस्ताव पाठविताना कोणत्या पायरीवर काय आढळले, ते त्यात लिहावे. ‘यादीत दिसतो, बोलत नाही’ एवढ्या एका ओळीने तपासनिसाचे अर्धे काम होते. एका शाळेत मुका ठरलेला मोडेम दुसऱ्या शाळेतील संगणकावर बोलू शकतो. सार्वजनिक पैशातून घेतलेली वस्तू केवळ ‘ओळखत नाही’ म्हणून भंगारात जाऊ नये, आणि हा शोध विद्यार्थ्यांसमक्ष करून कारणपरंपरा लावण्याची सवय त्यांनाही जडावी, हाच या लेखाचा हेतू होय.