शैक्षणिक बचतीतील उचल व प्राप्तिकर

अपत्याच्या शिक्षणासाठी साठविलेली रक्कम खात्यातून काढल्यास तीवर कर लागतो काय आणि विवरणपत्रात ती कोणी, कशी दाखवावयाची, यासंबंधीचे नियम. उचलीत मुद्दल व व्याज असे दोन अंश असतात. मुद्दल हे उत्पन्न नव्हे. कराचा प्रश्न व्याजाच्या अंशापुरताच उद्‌भवतो.

भारतात याचे ठळक उदाहरण म्हणजे २२ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना. दहा वर्षांखालील मुलीच्या नावाने पालक टपाल कार्यालयात वा बँकेत हे खाते उघडतात. भरणा १५ वर्षे करावयाचा असून खाते २१ वर्षांनी परिपक्व होते. मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून, शिक्षणासाठी उचल करता येते. मागील आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मी रक्कम ही तिची कमाल मर्यादा होय. मात्र प्रवेशपत्रात अथवा शुल्कपावतीत दर्शविलेल्या प्रत्यक्ष मागणीहून अधिक रक्कम मिळत नाही. उदा., मीरा-भाईंदरमधील बेव्हर्ली पार्क येथील एखाद्या कुटुंबाच्या अशा खात्यात ३१ मार्च रोजी ८ लाख रुपये असल्यास मर्यादा ४ लाखांची; पण महाविद्यालयाची मागणी अडीच लाखांची असेल, तर तेवढीच उचल मिळेल.

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील कलम १० (११-अ) अन्वये या खात्यातून मिळणारी रक्कम करमुक्त ठरविण्यात आली. कलम ८०-क खालील भरण्याची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. ही करमुक्ती मात्र तीतही राहिली. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या अधिनियमाची जागा २०२५ च्या अधिनियमाने घेतली असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. करमुक्त उत्पन्न म्हणजे न दाखवावयाचे उत्पन्न, असा अर्थ होत नाही. विवरणपत्र भरणाऱ्याने व्याज करमुक्त उत्पन्नाच्या सदरात नोंदवावयाचे असते. संपूर्ण उचल उत्पन्न म्हणून करपात्र रकमेत धरणे ही चूक होय. तीमुळे मुलीवर नसलेला कर ओढवतो.

मुलाच्या नावाने ठेवलेल्या साध्या मुदत ठेवीस ही सवलत नाही. अज्ञान अपत्याचे व्याज सर्वसाधारणपणे ज्या पालकाचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळविले जाते. अपत्य सज्ञान झाल्यावर ते त्याचे स्वतःचे उत्पन्न ठरते.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने आलेल्या ‘५२९ योजनां’ची पद्धत निराळी आहे. तेथे उचलीच्या वेळी शुल्काचा पुरावा मागितला जात नाही. वर्ष संपल्यावर १०९९-क्यू या नमुन्याद्वारे उचलीची एकूण रक्कम, तीतील वाढ व मुद्दल यांची माहिती रक्कम घेणारी व्यक्ती व करखाते या दोघांना कळविली जाते. पात्र शैक्षणिक खर्च उचलीहून कमी भरल्यास वाढीच्या त्या प्रमाणातील अंशावर कर व सामान्यतः १०% जादा कर बसतो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही म्हणून शुल्कपावत्या जपून ठेवाव्या लागतात. सारांश, सुकन्या खात्यात शैक्षणिक हेतूची पडताळणी पैसे हाती येण्यापूर्वी होते, तर अमेरिकेत ती पैसे खर्च झाल्यानंतर होते.