न्यूयॉर्कचा खर्च, सिंगापूरचा खर्च

अलीकडे पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत एक प्रश्न उपस्थित होऊं लागला आहे. मुलाला अथवा मुलीला परदेशांतून नोकरीचीं दोन बोलावणीं येतात. एक न्यूयॉर्कहून, दुसरें सिंगापूरहून. वडील मंडळी चष्मा पुसून कागद पुढें ओढतात, डॉलरचा त्या दिवशींचा भाव पाहतात आणि गुणाकार करूं लागतात. ज्या नोकरीचा आंकडा मोठा निघेल ती चांगली, असा निकाल पांच मिनिटांत लागतो. पुढें अपेक्षेप्रमाणें घरीं पैसे येईनासे झाले म्हणजे मुलगा उधळ्या निघाला, किंवा सून उधळी निघाली, हा दुसरा निकालहि तितक्याच त्वरेनें लागतो. या दुसऱ्या निकालापायीं चांगल्या घरांतील मनें दुरावलेलीं मीं पाहिलीं आहेत. म्हणून आज या गुणाकाराचा थोडा विचार करावयाचा आहे.

विषय परदेशचा असला तरी प्रारंभ जुन्नर तालुक्यांतील घाटघरापासून करतों. घाटघर हें सह्याद्रीच्या अगदीं कांठावर, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशीं वसलेलें गांव. तेथूनच नाणेघाट खालीं कोंकणांत उतरतो. दोन हजार वर्षांपूर्वीं कल्याण व सोपारा या बंदरांचा माल या वाटेनें जुन्नरच्या पेठेस येत असे. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें लोक सांगतात. जवळच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील लेख असून, यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, गांवें आणि कार्षापण नांवाचीं नाणीं यांची त्यांत संख्येसह नोंद आहे.

आतां असें समजा कीं, घाटाखालीं मिठाची गोणी एका कार्षापणास मिळते, आणि बैलाचें भाडें व जकात मिळून ती वर आणावयास अर्धा कार्षापण पडतो. मग वर मिठाचा भाव दीड कार्षापणाच्या फार पलीकडे टिकणार नाहीं. टिकूं लागला तर चार व्यापारी आणखी बैल लादतील आणि भाव आपोआप उतरेल. म्हणजे जो माल घाट चढूं शकतो त्याच्या दोन्हीकडच्या किंमती एका दोरीनें बांधलेल्या असतात. परंतु कोंकणांतलें घर कांहीं बैलाच्या पाठीवर घालून वर आणतां येत नाहीं. हजामत करून घेण्यासाठीं घाटघरचा शेतकरी घाट उतरत नाहीं. घर, न्हाव्याची मेहनत, वैद्याची भेट, मास्तरची शिकवणी हा सर्व न चढणारा माल. त्याची किंमत त्या त्या ठिकाणची जमीन आणि मजुरी यांवर ठरते. पलीकडच्या किंमतीशीं तिचा थेट संबंध नसतो.

समुद्रापलीकडची गोष्टहि हीच आहे. डॉलर व रुपया यांचा बाजारांतला दर देशोदेशीं फिरणारा माल आणि भांडवल यांच्या ओढीनें ठरतो. घराचें भाडें किंवा हजामत त्यांत प्रत्यक्ष येत नाहीं. आणि संसाराच्या खर्चांत अर्ध्याहून अधिक वांटा या न चढणाऱ्या मालाचा असूं शकतो! म्हणून बाजारांतल्या दरानें पगार गुणला कीं उत्तर चुकतें.

ही अडचण पंडितांच्या ध्यानीं फार पूर्वीं आली. स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव्ह कासेल यांनीं १९१८ सालीं क्रयशक्तीच्या समतेची कल्पना त्या नांवानें मांडली. पुढें १९६८ पासून संयुक्त राष्ट्रें व पेनसिल्व्हानिया विश्वविद्यालय यांनीं देशोदेशींच्या किंमती ताडून पाहण्याचें काम हातीं घेतलें. तें आतां जागतिक बँकेकडे आहे. त्यांच्या २०१७ सालच्या हिशेबाप्रमाणें बाजारांत एका डॉलरास ६५.१२ रुपये पडत. परंतु अमेरिकेंत एका डॉलरांत मिळणारा माल व मिळणाऱ्या सेवा भारतांत सरासरीनें २०.६५ रुपयांतच मिळत. म्हणजे आपण गुणाकार करून तेथील पगाराचा जो फुगवटा करतों तो तिपटीहून अधिक असतो. हा आंकडा साऱ्या देशाच्या उत्पन्नाचा आहे, एका कुटुंबाच्या खर्चाचा नव्हे, हें मात्र विसरूं नये.

नाण्याची किंमत धातूवरून नव्हे, तर त्यानें काय मिळे यावरून काढावी, याचा सुरेख नमुना आपल्याच डोंगरांत कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानें नाशिकच्या लेण्यांत ४२ व्या वर्षाचा लेख कोरविला आहे. त्यानें विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेंकडा एक व्याजानें कायमचे ठेविले. आणि लेण्यांत वर्षाकाल काढणाऱ्या वीस भिक्षूंस त्या व्याजांतून प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्रांसाठीं द्यावे, असें ठरविलें. हिशेब करून पाहा. २००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०. वीस भिक्षूंस बाराप्रमाणें बरोबर २४०. आतां चांदीच्या आजच्या भावानें बारा कार्षापणांचे रुपये करून कांहीं समजणार नाहीं; एका भिक्षूचें वर्षाचें वस्त्र, हें म्हटलें कीं लगेच समजतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जगांतील महाग शहरांच्या याद्या दरवर्षीं प्रसिद्ध होतात. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ पत्राच्या पाहणी शाखेनें २०२२ च्या यादींत न्यूयॉर्क व सिंगापूर हीं दोन्हीं शहरें जोडीनें पहिलीं ठरविलीं. ती वाचून कोणीहि म्हणेल कीं, दोन्हींकडे खर्च सारखाच. परंतु जागतिक बँकेच्या तुलनेंत सिंगापूरची एकंदर किंमतपातळी अमेरिकेपेक्षां बरीच खालीं दिसते. मग खरें कोण? दोघेहि! फरक टोपलीचा आहे. पहिली यादी कंपन्यांनीं परदेशीं धाडलेल्या अधिकाऱ्यांच्या भत्त्यांचा विचार करून केलेली असते. तींत मोटार, मद्य, परक्या मुलांची शाळा असल्या वस्तू येतात. तेथील कायम रहिवाशाच्या चुलीशीं त्या यादीचा संबंध थोडा.

सिंगापुरांत १९६० सालीं स्थापन झालेल्या सरकारी गृहमंडळानें इतकीं घरें बांधलीं कीं, दर दहा रहिवाशांपैकीं सुमारें आठजण त्यांतच राहतात. नागरिक अथवा कायम रहिवासी नसलेल्या माणसास तीं विकत घेतां येत नाहींत. भाड्यानें मिळतात, तींहि खुल्या बाजाराच्या भावानें. तेव्हां सिंगापुरी शेजारी काय खर्च करतो हें ऐकून आपल्या मुलाचा अंदाज बांधूं नये. न्यूयॉर्कमध्यें सुमारें दहा लाख घरांची भाडेवाढ १९६९ च्या कायद्याच्या परंपरेनें नियंत्रित असते. ज्यास तसलें घर मिळालें तो सुखी, ज्यास न मिळालें त्याचें भाडें मालक म्हणेल तें. मुंबईकरांस हें नवीन नाहीं. १९४७ च्या भाडेकायद्यानें १९४० सालच्या भाड्यांशीं बांधलेली खोली आणि तिच्याच शेजारची नव्या कराराची खोली, यांतला फरक आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलों. मग ‘मुंबईचें भाडें किती’ या प्रश्नास एकच उत्तर कसें असेल?

मोटारीची गोष्ट गमतीची आहे. सिंगापुरांत १९९० पासून मोटार बाळगण्यास दहा वर्षांचा परवाना लिलावांत घ्यावा लागतो, आणि तो पुष्कळदां मोटारीच्या मूळ किंमतीइतका किंवा त्याहूनहि महाग पडतो. परंतु मोटारीवांचून तेथें उत्तम चालतें. न्यूयॉर्कमध्येंहि भुयारी रेल्वेमुळें चालतें. तेव्हां ज्यास मोटार नको त्यानें हा आंकडा पुसून टाकावा. जेवणाचें तसेंच. सिंगापूरच्या खाद्यपेठांत साध्या माणसाचें पोट स्वस्तांत भरतें. न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांत छापील किंमतीवर ८.८७५ टक्के विक्रीकर आणि वर वाढप्यास पंधरा ते वीस टक्के बक्षिसी द्यावी लागते. सिंगापूरच्या दुकानांत १ जानेवारी २०२४ पासूनचा ९ टक्के कर चिठ्ठीवरील किंमतींतच धरलेला असतो. लहान मूल असेल तर आणखी एक भेद. माणसाची मेहनत घाट चढत नाहीं असें मीं म्हटलें. पण माणूस स्वतः चढून येऊं शकतो. सिंगापूरनें इंडोनेशिया, फिलिपाईन्स, म्यानमार येथील स्त्रियांस घरकामासाठीं येऊं दिलें आहे आणि पुष्कळ कुटुंबांत अशी बाई घरींच राहते. न्यूयॉर्कमध्यें मूल सांभाळण्याचा खर्च दुसऱ्या भाड्यासारखा अंगावर येतो.

पगारांतून काय कापलें जातें हेंहि विचारावें. न्यूयॉर्क शहरांत राहणाऱ्यास मध्यवर्ती सरकारचा, राज्याचा आणि खुद्द शहराचा, असे तीन प्राप्तिकर पडतात. शिवाय वृद्धापकाळाच्या व दवाखान्याच्या योजनांपोटीं ६.२ व १.४५ टक्के जातात. आजाराच्या विम्याचा हप्ता निराळा. सिंगापुरांत प्राप्तिकर एकच, त्याचा सर्वांत वरचा दर २४ टक्के. मात्र परक्या नोकरास तेथील भविष्यनिर्वाह निधि मिळत नाहीं. आणि सिंगापूरचा डॉलर व अमेरिकेचा डॉलर हीं दोन निराळीं नाणीं आहेत, हें सांगण्याची गरज पडूं नये, पण पडते.

मग गुणाकार मुळींच करूं नये काय? करावा, पण योग्य जागीं. तेथील पगारांतून कर, भाडें, जेवण, विमा हें सर्व तेथल्याच नाण्यांत वजा करावें. जी बाकी राहील तीच घाट ओलांडून इकडे येणार. तिलाच बाजारांतल्या दरानें गुणावें. दोन नोकऱ्यांची तुलना या बाकीची करावी. मुलगी तिकडेच संसार करणार असेल तर रुपयांचें कामच नाहीं. महिन्याचें भाडें भागविण्यास तिला किती दिवस राबावें लागतें, एवढें दोन्हींकडचें विचारावें.

ही बाकी घाटघरासारख्या गांवीं आईबापांकडे पोंचली म्हणजे पुन्हां तोच हिशेब सुरू होतो. घाटघरची राहणी स्वस्त, असें पुण्यामुंबईचे लोक सहज म्हणतात. घर स्वतःचें, भात स्वतःच्या खाचरांतला, सरपण रानांतलें. यांतल्या कशाचीहि पावती फाटत नाहीं. पूर्वीं तर न्हाव्याचा मोबदलाहि बलुत्याच्या धान्यानें फिटे. सरकारी मोजणींतहि हें दिसतें: २०१२ सालच्या पायावर काढलेल्या ग्रामीण निर्देशांकांत घरभाड्यास स्थानच नव्हतें, शहरी निर्देशांकांत त्यास २१.६७ टक्के वजन होतें. २०२३–२४ च्या पाहणींत दरमाणशीं दरमहा खर्च खेड्यांत ४,१२२ रुपये आणि शहरांत ६,९९६ रुपये निघाला. पण त्यांतला किती फरक स्वस्ताईचा आणि किती निव्वळ कमी उपभोगण्याचा, हें त्या दोन आंकड्यांवरून सांगतां येत नाहीं. रात्रीं दुखणें उद्भवलें तर घाटघरच्या माणसास जुन्नर गांठावें लागतें, आणि त्या गाडीचें भाडें शहरांतल्या माणसास पडत नाहीं.

म्हणून परदेशांतल्या मुलानें गांवचें घर दुरुस्त करण्यासाठीं पैसे धाडावयाचे असतील तर अंदाजपत्रकाचे दोन भाग करून मागवावे. गवंड्याची व गड्यांची मजुरी पुण्यापेक्षां कमी पडेल. सिमेंट, लोखंड व पत्रे मात्र खालून वर चढून आलेला माल. त्यांस पुण्याचा भाव आणि वर घाटमाथ्यापर्यंतची वाहतूक, दोन्ही द्यावीं लागतील.