संदर्भ : ‘इंटरनेट’ एवढे पुरेसे आहे का?

लातूर जिल्ह्यातील देवणी हे तालुक्याचे गाव तेथील गायीच्या जातीमुळे दूरवर माहीत झाले आहे. तेथील एखादा विद्यार्थी या गायीवर प्रकल्प लिहू लागला, तर वानेरा, बालंक्या, शेवरा या तिच्या प्रकारांची माहिती तो आता संगणकावर किंवा मोबाइलवर शोधतो. प्रकल्पाच्या शेवटी मात्र बहुधा एकच ओळ असते, ‘संदर्भ : इंटरनेट’. हे ‘संदर्भ : ग्रंथालय’ असे लिहिण्यासारखेच झाले. कोणते पुस्तक, कोणाचे, कितवे पान, काहीच कळत नाही.

संदर्भ देणे म्हणजे ज्याचे श्रेय त्याला देणे, हे आपण जाणतो. पण विज्ञानात त्याचे आणखी मोठे कारण आहे. वाचकाला आपले विधान तपासून पाहता आले पाहिजे. लातूर जिल्ह्यातीलच किल्लारीच्या भूकंपाचे उदाहरण घेऊ. तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झाला. पण भूकंपांच्या काही जागतिक याद्यांत त्याची तारीख २९ सप्टेंबर अशी दिसते. यात चूक कोणाचीच नाही. त्या याद्या जागतिक प्रमाणवेळेनुसार असतात आणि ती वेळ आपल्या साडेपाच तास मागे असते. भूकंपाची महत्ताही कोठे ६.२, कोठे ६.३, तर कोठे ६.४ अशी आढळते, कारण महत्ता मोजण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. विद्यार्थ्याने आकडा कोठून घेतला हे लिहिले असेल, तर शिक्षकांना या फरकाचा उलगडा करता येतो. लिहिले नसेल, तर बरोबर आकडाही निराधार ठरतो.

दुसरी गोष्ट काळाची. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. आज विश्वकोशातील नोंदी पडद्यावर वाचता येतात. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. उस्मानाबादची नोंद मात्र ‘उ’ अक्षराची, म्हणजे त्याआधीच्या खंडातली. ती वाचून कोणी लातूरला आजही उस्मानाबाद जिल्ह्यात बसवले, तर दोष विश्वकोशाचा नाही. मजकूर आज पडद्यावर दिसला म्हणून तो आजचा होत नाही. म्हणून प्रकाशनाचे वर्ष लिहावे, आणि मजकूर बदलत राहणारा असेल तर आपण तो पाहिल्याची तारीखही लिहावी. विश्वकोशात नोंदीच्या शेवटी बहुधा लेखकाचे नाव असते. तेही सोडू नये.

संशोधनपत्रिकेतील लेखाचा संदर्भ देताना लेखक, वर्ष, लेखाचे शीर्षक, पत्रिकेचे नाव, खंड, अंक आणि पृष्ठे हा क्रम छापील लेखाप्रमाणेच ठेवावा. त्यात डीओआय या ओळखक्रमांकाची भर घालावी. संकेतस्थळाचा पत्ता बदलतो, कधी पानच नाहीसे होते. डीओआय मात्र त्या लेखाला कायमचा चिकटलेला असतो. तो १० या अंकाने सुरू होतो. तिरक्या रेघेच्या आधीचा भाग नोंदणी करणाऱ्या संस्थेचा, नंतरचा त्या लेखाचा. लेख दुसऱ्या ठिकाणी हलवला की प्रकाशक नवा पत्ता नोंदवतो, आणि जुन्याच क्रमांकाने वाचक नव्या जागी पोहोचतो. हा क्रमांक हाताने लिहिताना एक अक्षर चुकले तरी सारे फुकट, म्हणून तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा.

ई-पुस्तकाची अडचण वेगळी आहे. काही ई-पुस्तकांत अक्षरे मोठी केली की पानांची संख्या वाढते. मग ‘पृष्ठ ४२’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. अशा वेळी प्रकरण, उपशीर्षक आणि परिच्छेदाचा क्रमांक द्यावा. पीडीएफ प्रतीत पाने स्थिर असतात. पण प्रस्तावनेची पाने आधी मोजली गेल्याने पडद्यावर दिसणारा क्रमांक आणि पानावर छापलेला क्रमांक जुळतातच असे नाही. तेव्हा पानावर छापलेला क्रमांक घ्यावा. आवृत्ती कोणती हेही सांगावे, कारण छापील आणि इलेक्ट्रॉनिक आवृत्त्यांना वेगवेगळे आयएसबीएन असू शकतात.

संदर्भाच्या पद्धती अनेक आहेत. कोठे वर्ष नावानंतर येते, कोठे शेवटी. शाळेने कोणतीही एक निवडावी आणि ती सर्वत्र सारखी पाळावी. स्वल्पविरामांवर वाद घालण्यापेक्षा आम्ही एक सोपी परीक्षा सुचवतो. एका विद्यार्थ्याने दिलेला संदर्भ दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि काही न विचारता मूळ वाक्य शोधून आणायला सांगावे. ते सापडले तर संदर्भ उत्तम. सापडले नाही, तर काय लिहायचे राहिले हे त्या दोघांनाच ठरवू द्यावे.