ट्रॅक्टरचा जीपीएस घेताना

ट्रॅक्टरवर मोठ्या पडद्याचा जीपीएस बसवायचा विचार असेल, तर दुकानातल्या सावलीत पाहून भुलू नका. भर बारा वाजता तो बाहेर आणायला लावा, मातीच्या बोटांनी दाबून पाहा. १० इंची पडदा दुरून वाचता येतो खरा. पण पकड भक्कम नसेल तर हादऱ्याने डुगडुगतो, आणि जागा चुकली तर समोरचे तासच झाकतो.

मात्र पडदा मोठा म्हणून नेम अचूक, असे नाही. साधा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही तीन-पाच मीटर चुकतो, आमराईत त्याहून जास्त. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे सुमारे १० मीटर. पाच मीटरची चूक ही निम्मी बाजू झाली! तेव्हा त्या पडद्यावरची रेघ दाखवून भावकीत बांध कोरू नका. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. सरी नेमकी हवी असेल तर 'आरटीके' दुरुस्ती घेणारे यंत्र लागते. ते दोन-तीन सेंटीमीटरवर येते, पण महाग. चार-पाच जणांनी मिळून घेतलेले बरे.

अँटेना टपावर मधोमध बसवा, पत्र्याखाली नको. बॅटरीच्या जोडणीत फ्यूज घालायला विसरू नका.