आपले वाद्य, आपली फुंकर

गुजरातीत ‘पाटिया’ म्हणजे पाटी. हमरस्त्यावरील ज्या वळणावर आतल्या गावाच्या नावाची पाटी उभी असते, त्या वळणालाच पुढे ‘अमुक पाटिया’ म्हणण्याची रीत सुरतेकडे आहे. शहराच्या पूर्वेस, बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे पर्वत पाटिया हे असेच पर्वत नावाच्या गावावरून पडलेले नाव. तेथे डोंगर शोधायला जाणाऱ्याच्या पदरी निराशाच यायची, कारण सारी भूमी सपाट, आणि पावसाळ्यात खाडीला पाणी चढले की निम्मा परिसर जलमय! आज तेथे कापडाचे बाजार, सोसायट्या आणि दहा प्रांतांतून आलेली माणसे आहेत. शेजारच्या लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत मात्र अहिराणी ऐकू येते. उधना–जळगाव लोहमार्गाने पोटासाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांनी आपली बोली आणली, कळण्याची भाकरी आणली आणि लग्नाला बँड हवाच हा हट्टही बरोबर आणला.

त्या बँडमध्ये ढोल आणि ट्रंपेट यांच्या गदारोळातही गाण्याची चाल नेमकी धरून ठेवणारे एक काळे, सडपातळ वाद्य असते. आपण त्याला क्लॅरिओनेट म्हणतो. बँडवाले ‘क्लारनेट’ म्हणून मोकळे होतात. वाद्य परदेशी खरे, पण मास्टर इब्राहिम यांनी त्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ते परके कधीच वाटले नसेल.

हे वाद्य वाजवणाऱ्यांस एक आजार फार लवकर जडतो, आणि तो पॅरिसमधल्या वादकास जडतो तसाच पर्वत पाटियाच्या नाक्यावर वरातीची वाट पाहणाऱ्या वादकासही जडतो. सूर हलका लागला की माउथपीस बदलावासा वाटतो. तो बदलून आठ दिवस बरे जातात. मग रीड वाईट वाटू लागते, रीडनंतर वाद्यच. या शोधाला अंत नाही. हौशी माणसाचे यात पैसे जातात. पण ज्याची वर्षाची कमाई तुळशीच्या लग्नापासून अक्षय्य तृतीयेनंतरच्या उन्हाळी मुहूर्तांपर्यंतच्या काही महिन्यांत व्हायची, त्याने परदेशी माउथपीससाठी उसने पैसे काढावेत की मुलाच्या शाळेचा खर्च भागवावा, हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

म्हणूनच यातले काय आपल्या हाती आहे आणि काय नाही, हे एकदा समजून घ्यावे. इ. स. १७०० च्या सुमारास जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने जुन्या शालुमो नावाच्या वाद्यातून हे वाद्य घडवले असे मानतात. त्याची नळी आतून सरळ, आणि फुंकण्याच्या बाजूने बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. बासरी किंवा सनई जोराने फुंकली की तोच स्वर वरच्या सप्तकात बोलतो. क्लॅरिओनेट मात्र एक सप्तक ओलांडून थेट पुढच्या पंचमावर उडी घेते. ज्या बोटांनी खाली षड्ज, त्याच बोटांनी वर पंचम! या दोन प्रदेशांच्या सांध्यावरचे तीन-चार स्वर थोडे पोकळ आणि दबके येतात. ते कितीही महागड्या वाद्यात येतात. स्वस्त आणि महाग वाद्यांत येथे फरक असतो तो उन्नीस-बीसाचा. असा दोष हा वाद्याचा स्वभावच होय, आणि स्वभावावर रुसून संसार होत नाही.

आपल्याकडील बँडवाल्यांच्या हाती बहुधा जुन्या, साध्या पद्धतीच्या चाव्यांचे वाद्य असते. क्लोझे आणि ब्यूफे यांनी १८४४ साली पेटंट घेतलेली ‘बोम’ पद्धती पुढे बहुतेक जगभर पसरली. लष्करी बँडमधून आपल्याकडे आलेली पद्धत मात्र टिकून राहिली, आणि तिची वाद्ये मीरत येथे बनतात. तेथील जली कोठी हा भाग बँडच्या वाद्यांसाठी प्रसिद्ध असून नादिर अली कंपनीचा आरंभ १८८५ चा. विलायती वाद्याशी तुलना करून मीरतच्या वाद्यास नाके मुरडण्याची चाल आहे. ती मला पुरती मान्य नाही. आपल्याला मींड हवी असते, आणि मींड निघते उघड्या छिद्रावरून बोट हळूहळू सरकवल्याने. चावी जितकी अधिक, तितकी ही सोय कमी. तिरुचिरापल्लीच्या ए. के. सी. नटराजन यांनी याच वाद्यावर कर्नाटक संगीतातील गमक वठवले. नादस्वरसम्राट राजरत्नम् पिळ्ळै यांनी त्यांना ‘क्लॅरिनेट एव्हरेस्ट’ म्हटले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रायचूरचे पंडित नरसिंहलु वडवाटी यांनी त्यावर ख्याल मांडला. वाद्य पाश्चात्त्यांचे, त्यावर श्रुती आपल्या. ही किमया चावीची नव्हे, बोटाची आणि ओठाची. आमच्या बडोद्याने तर १८८६ मध्येच सयाजीरावांच्या आश्रयाने आणि मौलाबक्षांच्या देखरेखीखाली संगीतशाळा उघडून वाद्यशिक्षणाचा रस्ता सामान्य घरांतील मुलांना मोकळा केला होता.

आता माउथपीस. तो बहुधा एबोनाइटचा, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराचा असतो. त्याचे टोक आणि रीडचे टोक यांत साधारण एक ते सव्वा मिलिमीटरची फट असते, आणि सारा खेळ त्या फटीचा. फट मोठी असली तर आवाज मोकळा पण दम अधिक लागतो. लहान असली तर सूर आवरलेला, पण वरातीत तो ढोलाखाली बुडतो. एकदा आपल्या ओठाला मानवणारी फट सापडली की माउथपीस बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अपवाद एवढाच, की टोकाला चीर गेली असेल किंवा वर्षानुवर्षे दातांनी तो खोल खाल्ला असेल. अमेरिकेतील विख्यात बेनी गुडमन जगभर कीर्ती मिळवून बसला होता. तरीही १९४९ च्या सुमारास, चाळिशीला टेकला असता, तो रेजिनल्ड केल या इंग्रज वादकाकडे शिष्य म्हणून गेला आणि ओठ व बोटे ठेवण्याची रीत नव्याने शिकला. असमाधान असावे तर असे. त्याने ते दुकानदाराकडे नेले नाही, गुरूकडे नेले.

रीडची गोष्ट निराळी. तिच्याबाबत संतोष मानणे म्हणजे आळस होय. ती बनते नळ जातीच्या जाड वेतासारख्या गवतापासून. आपल्या पूर्वजांनी ज्या बोरूने अक्षरे गिरवली, त्याच्या नात्यातलीच ही वनस्पती. दक्षिण फ्रान्समधील व्हार प्रांतातील नळ नावाजलेला. पॅरिस ऑपेरातील वादक यूजीन व्हॅन डोरेन याने १९०५ साली सुरू केलेला रीडचा उद्योग आजही चालू आहे. रीडवर कठीणपणाचा आकडा असतो, परंतु एका डबीतल्या दहा रीड कधी सारख्या बोलत नाहीत, कारण गवत हे गवतच. दोन-तीन उत्तम, चार-पाच कामचलाऊ आणि उरलेल्या सरावापुरत्या निघाल्या तर नशीब बरे समजावे. उत्तम सापडलेली रीड वादक रोज वाजवतो आणि पंधरवड्यात मारून टाकतो; मग ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ म्हणून वाद्याला दोष देतो. त्यापेक्षा तीन-चार रीड पाळीपाळीने वाजवाव्यात. नवी रीड पहिल्या दिवशी पाच मिनिटे, दुसऱ्या दिवशी दहा, अशी सवयीला आणावी.

सुरतेची हवा या सगळ्याची परीक्षा पाहते. वैशाखात भर दुपारच्या वरातीत नळीतली हवा तापते आणि सूर चढतो. तेव्हा माउथपीसखालचा लहान तुकडा, ज्याला बॅरल म्हणतात, तो किंचित बाहेर ओढावा लागतो. पूर्वी सोबतीला सारी फुंकीची वाद्ये असत आणि सारीच मिळून चढत. आता गाडीवर बांधलेल्या विजेच्या कीबोर्डाचा सूर ऊन असो की थंडी, हलत नाही. बिचाऱ्या क्लॅरिओनेटवाल्यानेच जुळवून घ्यायचे! त्यात वाद्य जुन्या लष्करी, उंच पट्टीचे, म्हणजे ४४० ऐवजी ४५२ कंपनांच्या आसपासचे असेल तर बॅरल कितीही ओढला तरी सूर जमत नाही. खालचे स्वर जुळवावेत तर वरचे फटकून वागतात. तेव्हा मात्र समाधानाचा उपदेश कोणी ऐकू नये. वाद्य बदलावे, आणि तेही सुपारी घेण्यापूर्वी.

पावसाळ्यात मुहूर्त नसतात आणि वाद्य पेटीत पडून राहते. बिघाड होतात ते याच चार महिन्यांत. सांध्याचे बूच कोरडे पडले तर सुटते, ओलसर राहिले तर फुगते. चाव्यांखालची पॅड बुरशी धरतात. आठवड्यातून एकदा पेटी उघडावी, सुती फडक्याने नळी आतून पुसावी, दहा मिनिटे वाजवावे, पुन्हा पुसून ठेवावे. रीड ओली असताना डबीत कोंडू नये. काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवली की टोक वाकडे होत नाही. माउथपीस कोमट पाण्याने धुवावा, उकळत्या पाण्याने कदापि नाही, नाहीतर रबर वाकते आणि ती सव्वा मिलिमीटरची फट कायमची बिघडते. कार्तिकात पहिली सुपारी येते तेव्हा ओठ मऊ पडलेले असतात, म्हणून नवरात्रापासूनच रोज सकाळी लांब स्वर धरण्यास प्रारंभ करावा. पहिले आठ दिवस थोडी हलकी रीड घ्यावी, आणि दिवाळीनंतर नेहमीच्या आकड्यावर यावे.