आजारपण त्यांचं, रजा कुणाची?

शुक्रवारी ऑफिसात वीकएन्डचे प्लॅन्स रंगले की हल्ली एखादी तरी मैत्रीण गप्प असते. घरी अंथरुणाला खिळलेली आई असते, नाहीतर स्ट्रोक झालेले बाबा. तिला आपण विचारतो, "बाबा कसे आहेत?" 'तू कशी आहेस' हे राहूनच जातं. गंमत म्हणजे सरकारही नेमकं तेच करतं!

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'केअरगिव्हर भत्ता' आहे खरा. पण कलम 24 नीट वाचा. भत्ता मिळणार जास्त मदत लागणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला, आणि योजना करायची ती सरकारच्या आर्थिक कुवतीत बसेल तेवढीच. जी रात्रभर कूस बदलून देते, तिच्या नावावर काही नाही.

केरळनं मात्र 2010 मध्ये 'आश्वासकिरणम्' आणली. अंथरुणावरच्या रुग्णापायी ज्याला कामालाच जाता येत नाही, अशा घरच्या माणसाला महिन्याला 600 रुपये. म्हणजे दिवसाला वीस! तेही थकल्याच्या बातम्या आल्याच. रक्कम हास्यास्पद आहे, पण निदान पैसे करणाऱ्याच्या नावे निघतात.

माझ्या मावशीनं नऊ वर्षं आजीचं केलं. किती पैसे मिळायला हवे होते, असं विचारलं तर म्हणाली, "पैसे राहू देत गं. सलग दोन रात्री झोप हवी होती."

जर्मनीत ही झोप चक्क विम्यात बसते. तिथे 1995 पासून दीर्घकालीन सेवेचा विमा सक्तीचा आहे. घरी करणारा माणूस आजारी पडला, किंवा नुसता फिरायला गेला, तरी बदली माणसाचा खर्च निघतो. जुलै 2025 पासून वर्षाला आठ आठवड्यांपर्यंत, आणि रुग्णाला काही दिवस केंद्रात ठेवण्याचा खर्च धरून 3,539 युरोंपर्यंत. ठरावीक तास करणाऱ्याच्या पेन्शनचा हप्ताही भरला जातो. (मावशीला हे सांगायची हिंमत झाली नाही.)

आपल्याकडे नॅशनल ट्रस्टनं 'समर्थ' योजनेत अशा तात्पुरत्या निवासाची सोय आणली. पण ट्रस्टचा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांपुरताच. स्ट्रोकवाले बाबा त्यात बसत नाहीत.

मग नोकरी करणाऱ्या मुली काय करतात? तीन मैत्रिणींना विचारलं. तिघीही सिक लीव्ह टाकतात, स्वतःला ताप आल्याची!