साखळीपासून उपग्रहापर्यंत

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या अगदी काठावर कुरवंडे हे गाव वसलेले आहे. गावाच्या पूर्वेस मावळातील सौम्य चढउतार आणि भातखाचरे दिसतात. पश्चिमेस मात्र जमीन एकाएकी संपते आणि शेकडो मीटर खाली कोकणचा प्रदेश पसरलेला दिसतो. गावाजवळ, नागाने फणा उभारावा तसा एक उंच सुळका दरीवर झुकलेला आहे. गावकरी त्याला नागफणी म्हणतात. याच परिसरातून कुरवंडे घाटाची जुनी वाट कोकणात उतरते.

ही वाट इतिहासात प्रसिद्ध आहे. १६६१ साली, फेब्रुवारीच्या प्रारंभी, शायिस्ताखानाचा सरदार कारतलबखान मोठे सैन्य घेऊन याच घाटाने कोकणात उतरत होता. वाट अरुंद होती. दोन्ही अंगांस दाट झाडी होती. घाटाच्या पायथ्याशी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांचे मावळे दबा धरून बसले होते. खानाचे सैन्य खिंडीत पुरते अडकले, पुढे जाता येईना की मागे फिरता येईना. अखेर खानाला शरण जावे लागले. मावळ्यांच्या या विजयात शौर्याचा वाटा मोठा होता. परंतु भूमीच्या ज्ञानाचा वाटाही लहान नव्हता. कोणती वाट कोठे अरुंद होते, पाणी कोठे मिळते, डोंगरावरून खिंड कोठून दिसते, हे सारे मावळ्यांना ठाऊक होते. खानाला ठाऊक नव्हते.

पण असे ज्ञान माणसाच्या मनात राहते आणि माणसाबरोबर नाहीसे होते. ज्याने ती भूमी कधी पाहिली नाही, त्याच्यापर्यंत ते कसे पोहोचावे? त्यासाठी मनुष्याने निर्माण केलेले साधन म्हणजे नकाशा होय.

नकाशा म्हणजे केवळ चित्र नव्हे. चित्रकार डोंगर जसा दिसतो तसा काढतो. नकाशा काढणाऱ्यास मात्र तो मोजावा लागतो. नकाशावरचे एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे किती अंतर, हे ठरलेले असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या प्रसिद्ध नकाशांत एका सेंटिमीटरमध्ये अर्धा किलोमीटर सामावलेला असतो. उंची दाखविण्यासाठी समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा काढतात. त्यांना समोच्चरेषा म्हणतात. जेथे उतार सौम्य, तेथे या रेषा विरळ असतात. जेथे कडा, तेथे त्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. कुरवंड्याच्या पश्चिमेस त्या अशाच दाटीने उभ्या आहेत. ज्याला या रेषा वाचता येतात, त्याला घरी बसूनही तेथील कडा दिसतो.

पूर्वी मोजणीचे मुख्य साधन साखळी हे होते. मुंबई इलाख्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून शेतजमिनीच्या नव्या मोजणीची आणि आकारणीची पद्धत सुरू केली. या मोजणीची साखळी तेहतीस फूट लांब असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आजही महाराष्ट्रातील शेतकरी गुंठा आणि एकर हीच मापे बोलतो. डोंगराळ भागात हे काम विशेष कष्टाचे होते. साखळी उतारावर तशीच पसरली, तर अंतर खऱ्यापेक्षा अधिक भरते. म्हणून ती हातात सरळ आडवी धरून थोडे थोडे मोजावे लागे.

परंतु नागफणीच्या सुळक्यापर्यंत, मधली दरी ओलांडून, साखळी कशी नेणार? येथे भूमिती मदतीला येते. सपाट जागेवर दोन खुणा करून त्यांमधील अंतर अचूक मोजावे. मग दोन्ही खुणांपासून सुळक्याकडे पाहून कोन मोजावेत. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन ठाऊक झाले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. दरीत एक पाऊलही न टाकता पलीकडच्या सुळक्याचे अंतर कळते!

याच युक्तीने साऱ्या भारताचे मोजमाप झाले. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ साली मद्रास येथे पायाभूत रेषा मोजून या कार्यास आरंभ केला. कोन मोजण्याचे त्याचे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. ते डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढविण्यासाठी कितीतरी माणसांना राबावे लागे. एका त्रिकोणाला दुसरा जोडीत हे काम उत्तरेकडे सरकत गेले. १८२३ साली, काम चालू असतानाच, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्ब्टनचा मृत्यू झाला. पुढे त्रिकोणांची ही साखळी हिमालयापर्यंत पोहोचली आणि राधानाथ सिकदार या भारतीय गणितज्ञाच्या आकडेमोडीच्या साहाय्याने जगातील सर्वोच्च शिखराची उंची निश्चित झाली.

आज तीच भूमी मोजण्यासाठी मनुष्याने आकाशात खुणा उभारल्या आहेत. या खुणा म्हणजे कृत्रिम उपग्रह. स्थाननिश्चिती करणारे अमेरिकेचे जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. भारतानेही २०१३ पासून उपग्रह पाठवून 'नाविक' ही स्वतःची प्रणाली उभारली. प्रत्येक उपग्रह आपण कोठे आहोत आणि घड्याळात किती वाजले आहेत, हे रेडिओ लहरींनी सतत सांगत असतो. त्या लहरी पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून जमिनीवरचा ग्राहक, उदाहरणार्थ हातातील मोबाइल, उपग्रहाचे अंतर काढतो. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून स्थान ठरते. परंतु मोबाइलचे घड्याळ उपग्रहाच्या घड्याळाइतके अचूक नसते. ती चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो.

घड्याळाला एवढे महत्त्व का? रेडिओ लहरी एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. त्यामुळे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात तीनशे मीटरांचा फरक पडतो. सपाट मैदानात तीनशे मीटर म्हणजे एका शेतातून दुसऱ्या शेतात; कुरवंड्यास मात्र तेवढ्यात माणूस पठारावरून दरीत जाईल! शिवाय उंच कड्यांखाली आणि अरुंद दरीत आकाशाचा बराच भाग झाकला जातो. काही उपग्रह दिसेनासे होतात, तर काहींच्या लहरी कड्यावर आपटून उशिरा येतात. म्हणून मोबाइलवरचा ठिपका जेथे दिसतो, तेथेच आपण आहोत असे डोळे मिटून मानणे अशा ठिकाणी धोक्याचे असते. मोजणी करणारे लोक ही चूक कमी करण्याची वेगळी व्यवस्था करतात. ज्यांचे स्थान अत्यंत अचूक ठाऊक आहे अशी कायमची केंद्रे जमिनीवर उभारलेली असतात. ती उपग्रहांच्या मापातील चूक सतत सांगत राहतात. त्यांच्या मदतीने मोजणी काही सेंटिमीटरपर्यंत अचूक होते.

उपग्रह जसे स्थान सांगतात, तसेच ते छायाचित्रेही घेतात. या कामी भारताने केलेली प्रगती मोठी आहे. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्यातून घेतलेल्या चित्रात एक ठिपका जमिनीवरील सुमारे ७२ मीटर लांबरुंद जागा व्यापत असे. म्हणजे पाचसात घरांची वाडी एका ठिपक्यात मावून जाई. २००५ च्या कार्टोसॅट-१ उपग्रहाने हा ठिपका अडीच मीटरांवर आणला. त्यात बैलगाडीएवढी जागा मावते. २०१९ च्या कार्टोसॅट-३ ने तो पंचवीस सेंटिमीटरांपर्यंत लहान केला. ही तर एखाद्या घराच्या फरशीएवढी जागा झाली. एकतीस वर्षांत आकाशातील डोळा किती तीक्ष्ण झाला, हे यावरून ध्यानात येते.

तथापि, डोळा कितीही तीक्ष्ण असला, तरी जे दृश्यच नाही ते त्याला दिसत नाही. दोन घरांमधील हद्द ही अशीच गोष्ट आहे. पूर्वीच्या मोजणीचा हेतू शेतसारा ठरविणे हा होता. त्यामुळे शेतांचे नकाशे झाले. पण लोकांची घरे ज्या गावठाणात असतात, त्याची घरनिहाय मोजणी बहुतेक गावांत राहूनच गेली. पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या घराचा नकाशा नाही, म्हणून हद्दीचे तंटे होत आणि घर तारण ठेवून कर्ज मिळविणेही कठीण जाई. ही उणीव दूर करण्यासाठी पुणे जिल्ह्यातीलच पुरंदर तालुक्यात, सोनोरी या गावी, ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी 'स्वामित्व' या नावाने अशी योजना साऱ्या देशासाठी जाहीर झाली.

या मोजणीची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. ड्रोन उडण्यापूर्वी गावात ग्रामसभा भरते. मग प्रत्येक घरमालक, शेजारी आणि कर्मचारी यांच्या समक्ष जमिनीवर चुन्याने हद्दी आखल्या जातात. त्यानंतर ड्रोन गावावरून फिरून एकमेकांवर चढतील अशी अनेक छायाचित्रे घेतो. चित्रात चुन्याच्या पांढऱ्या रेघा स्पष्ट उमटतात आणि त्यांवरून नकाशा तयार होतो. म्हणजे रेघ टिपतो ड्रोन. पण ती आखतात गावकरीच. दोन शेजाऱ्यांचे एकमत होऊन चुना पडला नाही, तर लक्षावधी रुपयांचे यंत्रही हद्द सांगू शकत नाही.

नव्या नकाशांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, त्याप्रमाणे संगणकात एकाच भूमीचे अनेक नकाशे एकमेकांवर बसविता येतात. एकावर उतार, दुसऱ्यावर माती व खडक, तिसऱ्यावर ओढे, चौथ्यावर झाडी आणि पाचव्यावर घरे. मग तीव्र उतार, सैल माती आणि पाण्याचा मार्ग ही तिन्ही जेथे एकत्र येतात आणि खाली घरेही आहेत, ती धोक्याची जागा तत्काळ नजरेस भरते. सह्याद्रीतील गावांना या ज्ञानाची किती गरज आहे, हे माळीणच्या दुर्घटनेने दाखवून दिले. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील हे गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे मृत्यू पावली. ही वार्ता बाहेर कळली ती एका एस. टी. चालकामुळे. नेहमीच्या वाटेवर त्याला गावच दिसेना, तेव्हा त्याने ती कळविली. त्याच वर्षापासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशातील डोंगराळ प्रदेशाचे दरडींच्या धोक्याचे नकाशे तयार करण्याचे काम हाती घेतले. असा नकाशा धोक्याची जागा दाखवितो. पण धोक्याची घटका सांगत नाही. जमिनीला नवी भेग पडली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर ते प्रथम दिसते तेथे राहणाऱ्या माणसालाच.

नकाशे तयार करणे हा आता मोठा उद्योग झाला आहे. पूर्वी आपल्या देशात या कामावर सरकारी परवानग्यांची अनेक बंधने होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती बरीच सैल करण्यात आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झाले. रुग्णवाहिकेला वाट दाखविण्यास, पिकांची पाहणी करण्यास, रस्ते व जलवाहिन्या आखण्यास नकाशे लागतात, आणि ते काढणाऱ्या तरुणांना नवे व्यवसाय मिळत आहेत. सामान्य माणसांनीही नकाशा काढावा, असाही एक प्रयत्न जगात चालला आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या नकाशात कोणीही आपल्या गावाची वाट, विहीर किंवा शाळा नोंदवू शकतो.

येथे नावांचे महत्त्व कळते. ज्या सुळक्याला मावळातील माणूस नागफणी म्हणतो, त्याला इंग्रजांनी ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून 'ड्यूक्स नोज' असे नाव दिले आणि पर्यटकांच्या तोंडी आजही ते ऐकू येते. नागफणी म्हटले की सुळक्याचा आकार डोळ्यांपुढे उभा राहतो. ज्याने त्या ड्यूकचे चित्र पाहिलेले नाही, त्याला दुसऱ्या नावावरून काय बोध होणार? वाट चुकलेला माणूस मदतीसाठी एक नाव सांगतो आणि शोधावयास निघालेला गावकरी दुसऱ्याच नावाने ती जागा ओळखतो, तेव्हा वेळ फुकट जातो आणि प्रसंगी जिवावर बेतते. डोंगरातील प्रत्येक टेपाडाला, ओढ्याला आणि पाणवठ्याला गुराख्यांनी नाव दिलेले असते. उपग्रहाला टेपाड दिसते. त्याचे नाव दिसत नाही. ते नाव वडीलधाऱ्या माणसांच्या मुखी असते आणि कोणी विचारून लिहून ठेवले नाही, तर त्यांच्याबरोबरच लोपून जाते.

साखळी गेली, थिओडोलाइट मागे पडले, उपग्रह आले. उद्या याहून सूक्ष्म साधने येतील. मोजमाप करण्याचे काम यंत्रे माणसापेक्षा उत्तम करतात, यात शंका नाही. परंतु मोजलेल्या जागेला नाव देणे, तिची हद्द प्रामाणिकपणे सांगणे आणि तिच्यात होणारा बदल वेळीच ओळखणे ही कामे त्या भूमीवर चालणाऱ्या माणसांचीच राहतील. उंबरखिंडीत मावळ्यांच्या उपयोगी पडले ते हेच ज्ञान. त्याला अचूक मोजमापाची जोड मिळाली, म्हणजे नकाशा खऱ्या अर्थाने पूर्ण होतो.